तिसावा मजला

सलाउद्दीन आयुष्यात एकदाच खोटं बोलला होता, असं काही नाही. दुकानदार माणूस, रोज दोन-चार बोलावीच लागतात. पण एक खोटं त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं नऊ वर्षं अडकून बसलं होतं, आणि तेही व्हिडिओ गेमपायी.

सत्त्याण्णव साली नाशिकरोडला, बिटको चौकामागच्या गल्लीत त्याचं गेम पार्लर होतं. पाच मशिनं. चार सगळीकडे असतात तसली आणि पाचवं त्याच्या मेहुण्याने कुवेतहून आणलेलं, कुठल्या कंपनीचं ते मेहुण्यालाही वाचता येत नव्हतं. त्यावर एकच गेम. डोक्यावर हंडा घेतलेला एक बुटका माणूस मजल्यामागून मजले चढतो आणि माकडं वरून नारळ फेकतात. मजले तीस. पोरांना त्याचा दोन दिवसांत कंटाळा आला. पण दुकानासमोर भाजीची पाटी घेऊन बसणारी कळवणची चिमणाबाई एका दुपारी सावलीला म्हणून आत आली, गंमत म्हणून रुपया दिला आणि कायमची अडकली. हंडेवाल्याचं तिने गोटीराम असं बारसंसुद्धा केलं.

पंचाईत अशी की, रुपयाला तीन जीव हा दुकानाचा नियम. पोरांचे तीन जीव पाच मिनिटांत संपत. चिमणाबाईचा गोटीराम दीड-दीड तास मरायचं नाव घेत नसे. एका दुपारी ती एकोणतिसाव्या मजल्यावर पोचली तेव्हा बाकीची मशिनं भरलेली होती आणि चार पोरं ताटकळत उभी होती. त्यातली दोन शेजारच्या पार्लरकडे वळताना दिसली आणि सलाउद्दीनच्या पायाने, डोक्याला न विचारता, टेबलाखालचं, पाचही मशिनांचं मिळून असलेलं बटण बंद केलं.

“लाईट गेली, मावशी,” तो म्हणाला.

चिमणाबाईने पडद्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, पदर खोचला आणि निमूट पाटीपाशी जाऊन बसली. पोरांना बसवायला त्याने बटण पुन्हा दाबलं, तर चार मशिनं सुरू झाली आणि पाचवं कायमचं मुकं झालेलं. करावे तसे भरावे! तीन मेकॅनिक झाले, मेहुण्याला पत्रं झाली. मशिन बोललं नाही. चिमणाबाई मात्र त्यानंतरही रोज त्याच्या घरी कोथिंबिरीची जुडी पाठवत राहिली. ती जुडी त्याला मेथीपेक्षा कडू लागायची.

पार्लरचं पुढे सायबर कॅफे झालं. दोन हजार सहाच्या जून महिन्यात चिमणाबाईने सांगून टाकलं की आता गुडघे ऐकत नाहीत, दिवाळीनंतर मुलाकडे कळवणला कायमचं जायचं. “एकच राहिलं बघ, भाई,” ती हसत म्हणाली. “गोटीराम पानी कुनासाठी नेतोय, ते काय कळलं नाय.”

सलाउद्दीनला त्या दिवशी जेवण गेलं नाही. शेवटी त्याने मुलीला, इंजिनिअरिंगला असलेल्या कशिशला विचारलं. खरं कारण सोडून सगळं सांगितलं. कशिशने दोन दिवस इंटरनेट धुंडाळलं. जगात काही हौशी मंडळी पदरमोड करून अशी सॉफ्टवेअर लिहितात, की साधा कॉम्प्युटर जुन्या मशिनची हुबेहूब नक्कल करतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. या मशिनचाही एम्युलेटर होता. फिनलंडमधल्या मिक्को नावाच्या शाळामास्तरने सुट्टीत लिहिलेला. पण हंडेवाला सातव्या मजल्यावर गोठायचा. जगभरातल्या पाच-सहा वेड्यांनी मिळून पंधरा डॉलरचं बक्षीस लावलं होतं: जो हे दुरुस्त करेल त्याला. शंभर झाले तर मिक्को शाळेबाहेरच्या शिकवण्या महिनाभर बंद ठेवून बसणार होता.

उरलेले पंच्याऐंशी म्हणजे चार हजारांच्या आसपास. एकरकमी तेवढे सलाउद्दीनकडे नव्हते. गल्लीत एकरकमी पैसा फक्त एका ठिकाणी असायचा, सवितावहिनींच्या भिशीत. बारा बायका, महिन्याला तीनशे. दर महिन्याला चिठ्ठी निघायची, जिचं नाव येईल तिला सगळी रक्कम, आणि तिने सगळ्यांना नाश्ता द्यायचा.

सवितावहिनी शिस्तीच्या. भरल्याशिवाय कुणाला उचलता येत नाही आणि चिठ्ठीशिवाय देता येत नाही, म्हणाल्या. मग मिक्कोच तेरावा भिशीकर झाला. त्याचा हप्ता सलाउद्दीनने भरायचा, आणि चिठ्ठीवर नाव लिहिलं गेलं ‘मिकूभाऊ’.

जुलैत भिशी लागली झुंबरबाईला. ऑगस्टमध्ये पल्लवीला. सलाउद्दीन दोन्ही वेळा भजी खाऊन घरी आला आणि दोन्ही वेळा त्याला ती पचली नाहीत. सप्टेंबरात सवितावहिनींनी डबा हलवला आणि चिठ्ठी निघाली मिकूभाऊची. बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या की फिनलंडला ऐकू जाव्यात. कशिशच्या मैत्रिणीच्या भावाने अमेरिकेतून कार्डावर पैसे भरले. सवितावहिनींचा निरोपही कशिशने इंग्रजीत कळवला: भिशी लागलेल्याने नाश्ता द्यायचा असतो, सवलत नाही.

ऑक्टोबरात सलाउद्दीन हप्त्याचे तीनशे घेऊन गेला, तर वहिनींनी घेतले नाहीत. बायकांचं आपसांत ठरलं होतं: मिकूभाऊचे उरलेले हप्ते बारा जणी पंचवीस-पंचवीस करून भरणार. मावशीने उधारीवर भाजी दिली नाही असं घर होतं का गल्लीत? सलाउद्दीनने वहीत पाहिलं. बारा सह्यांत एक अंगठा होता, चिमणाबाईचा. त्याने पाडलेल्या भोकाला ती ठिगळ लावत होती, तेही स्वतःच्या पैशाने. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी मिक्कोचं उत्तर आलं. काम झालं होतं. आणि नाश्ता म्हणून, सॉफ्टवेअर सुरू होताना मदत करणाऱ्यांची जी यादी दिसते, तिच्यात त्याने बाराही बायकांची नावं घातली होती. झुंबरबाईने आपलं नाव तीनदा वाचून घेतलं आणि नाश्ता पास केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमणाबाई कॅफेतल्या खुर्चीवर बसली. मागे बारातल्या अकरा जणी, कशिश आणि दाराशी सलाउद्दीन. मध्येच थांबवून ठेवता येतं, असं कशिश म्हणाली, पण मावशीला तसली लबाडी नको होती. सातवा मजला गेला, पंधरावा गेला. हात नऊ वर्षांत काही विसरले नव्हते. दोन जीव गेले. एक उरला. एकोणतिसावा मजला आला आणि खाटकन लाईट गेली.

ट्यूब विझली. बायका ओरडल्या. पण कॉम्प्युटरखालचा बॅटरीचा डबा टिकटिक करू लागला. पडदा चालूच राहिला. सलाउद्दीनने उधारीवर तो कालच बसवून घेतला होता. दहा मिनिटं मिळणार होती.

चिमणाबाईने पडद्यावरची नजर काढली नाही. “या बारीला खरीच गेली वाटतं, भाई,” ती म्हणाली. “पंखा बी थांबला.”

सलाउद्दीनने वर पंख्याकडे पाहिलं. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी डोक्यावर पंखा गरगरत होता, आणि हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

“मावशी, माफ करा,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “मीच बंद केलं होतं.”

“मला ठाव हाय. चार पोरं उभी व्हती, तुझ्या पोटाचा सवाल व्हता. मला बी लाज वाटायची, पन उठवत नव्हतं.” तिने एक नारळ चुकवला. “तू एकट्यानं हप्ते भरायला निघाला, तवा म्हनलं, याला अजून बोचतंय. म्हून पंचवीस टाकले. आता गप ऱ्हा, माकड आलं.”

माकड गेलं. गोटीराम तिसाव्या मजल्यावर चढला. तिथे एक म्हातारी बसली होती. तिने हंडा तोंडाला लावला, घटाघटा पाणी प्यायली, रिकामा हंडा त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बोटाने खाली दाखवलं. गोटीराम पुन्हा पहिल्या मजल्यावर.

मग चिमणाबाई इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. “मेलीची तहान काय भागंना,” ती म्हणाली, आणि कनवटीचा रुपया काढून टेबलावर ठेवला.

सलाउद्दीनने रुपया तिच्या हातात परत दिला. पोरांच्या रांगेत आज कुणी उभं नव्हतं, आणि असतं तरी चाललं असतं. “बसा, मावशी,” तो म्हणाला. “बॅटरी अजून सहा मिनिटं आहे.”