घाई करू नका, पण याच

ऑफिसात तिला सगळे निरोपवाली म्हणायचे, आणि लोकांना निरोप घेऊ द्यायचा नाही हेच तिचं काम होतं. कंपनीचा एक ऑनलाइन खेळ होता. लाखो माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात शिरायची. आत समुद्र, बेटं, किल्ले, बाजार. तिथे प्रत्येकाला नवा देह, नवं नाव आणि अकरा जणांची एक टोळी. टोळीने मिळून किल्ले घ्यायचे आणि राखायचे. आत शिरणं फुकट होतं. मग घोड्याला झूल, अंगाला चिलखत, बेटावरच्या घराला गच्ची, असं करत करत माणूस आपणहून खिशात हात घालायचा. पण त्यासाठी तो टिकायला हवा, आणि त्याला टिकवायला तिसऱ्या मजल्यावर निरोप विभाग होता. विभाग कसला, चार टेबलं, कधी न उघडणारी एक खिडकी आणि नेमका मानेवर गार वारा सोडणारा एसी.

खेळाडूने ‘मला जायचंय’ हे बटण दाबलं म्हणून तो सुटायचा नाही. एकामागून एक सहा पडदे यायचे. विभागात त्यांना दारं म्हणत. प्रत्येक दारावर दोन-तीन ओळी, खाली ‘थांबतो’ हे बटण ठसठशीत, आणि ‘तरी जातो’ हे इतकं बारीक नि फिकट की चष्मा लावून शोधावं. पहिल्या दारावर साधा प्रश्न, खरंच जायचंय का. दुसऱ्यावर काय काय गमवाल त्याची यादी, घोड्याच्या नावासकट. तिसऱ्यावर, ‘तुमच्या टोळीतले दहा जण तुमची वाट बघत आहेत.’ ते दहा जण त्या वेळी घोरत का पडलेले असेनात, आकडा दहाच यायचा. चौथ्यावर, ‘जाऊन या. घाई करू नका, पण याच.’ पाचव्यावर, ‘तुमची जागा कुणाला देणार नाही.’ आणि सहाव्यावर नुसतं, ‘आम्ही आहोत ना.’

सगळी दारं तिनेच लिहिलेली. चौथ्याने तर तिचं नशीब उघडलं होतं. एकट्या त्या दारावरून शंभरातले एकतीस जण मागे फिरायचे. ओळ सुचली कुठून, असं कुणी विचारलं की ती खांदे उडवायची. एका दुपारी सुचली, झालं. तिचे साहेब कधी आवाज चढवत नसत, म्हणून त्यांच्यामागे त्यांना गोडसाहेब म्हणत. ते म्हणायचे, “लोक आपल्याकडे तलवारी घ्यायला येत नाहीत हो. कुणीतरी आपली वाट बघतंय, हे घ्यायला येतात.” त्यांना हे मनापासून पटलेलं होतं, तीच तर पंचाईत होती.

विभागाचा एक लाडका खेळाडूही होता. अहवालात नावं नसत, नुसते आकडे असत. पण हा एक गडी गेले कित्येक महिने रोज ‘मला जायचंय’ दाबायचा, दारामागून दार ओलांडत सहाव्यापर्यंत जायचा आणि तिथून परत फिरायचा. धड आत नाही, धड बाहेर नाही. विभागाने त्याचं नाव उंबरठेवाले काका ठेवलं होतं. “काका आज दोनदा येऊन गेले,” असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे, तीसुद्धा.

घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि लोक वेळ मोबाइलमध्ये बघायला लागले तेव्हा दुकान बंद केलं. मग घरात नुसत्या येरझारा. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना कंपनी खेळाचा पास द्यायची. वर्षापूर्वी तिने तो बाबांना दिला, निदान मन तरी रमेल म्हणून. रमलं कसलं, बाबा त्यात पार बुडाले. किल्ल्यावर हल्ला करायचा तर अकराही जणांना एकाच क्षणी उडी घ्यावी लागे, आणि तो क्षण सांगायचं काम टोळीने बाबांना दिलं होतं. “आता!” बाबा खुर्चीत ताठ होऊन ओरडायचे आणि दुसऱ्या खोलीत तिच्या हातातला चहा हिंदकळायचा. एकाहत्तराव्या वर्षी दहा माणसं त्यांच्या शब्दावर उडी घेत होती. घरात त्यांच्या शब्दाला विचारत होतं कोण? ती ऑफिसातून यायची ती शब्दांना कंटाळूनच. “जेवलात?” “औषध घेतलं?” एवढ्यावर तिचं बोलणं संपायचं.

मग काचबिंदू निघाला. डोळ्यांतला दाब वाढलेला, डावा डोळा निम्मा गेलेला, उजवा त्याच वाटेवर. ऑपरेशन करायचं आणि त्यानंतर दीड महिना स्क्रीनकडे बघायचंसुद्धा नाही. बाबांनी तारीख घेतली आणि रद्द केली. दुसरी घेतली, तीही रद्द केली. “खेळ सोडायला गेलो होतो गं,” ते म्हणाले, “पण पाय निघेना. टोळी खोळंबेल.” डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, “गेलेली नजर परत येत नाही. या महिन्यात केलं तर आहे ती वाचेल. त्यापुढे मला विचारू नका.”

तिला शरम वाटली. टोळी खोळंबेल हे बाबांच्या डोक्यात भरवलं कुणी? तिसऱ्या दाराने. म्हणजे तिने. पास काढून घेता आला असता, पण ज्या माणसाच्या एका शब्दावर दहा जण उड्या घेतात त्याचा आवाजच बंद करायचा, हे तिच्याने होईना. आणि ते दहा जण वाट बघत असतात हे खोटं आहे, असं तोंडावर सांगायला जीभ रेटेना.

तेव्हा तिला जे येत होतं ते तिने केलं. सातवं दार लिहिलं, आणि त्यावर पहिल्यांदाच मनातलं खरं लिहिलं. ‘जा. इथलं आम्ही बघतो, काही अडत नाही. डोळे सांभाळा.’ एकट्या माणसासाठी दार लावता येत नसे. खेळाडूंच्या शंभर वाटण्या पाडलेल्या होत्या, आणि नवी ओळ आधी त्यातल्या एका वाटणीवर तपासून बघायची पद्धत होती. ती वाटणी कुठली घ्यायची, हे मात्र तिच्या हातात होतं. बाबांचं खातं जिच्यात होतं ती तिने निवडली. गोडसाहेबांना म्हणाली, “जरा वेगळं करून बघते.”

आठ दिवसांनी आकडेमोड करणारा सहकारी, ज्याला सगळे आकडेवाला म्हणत, लॅपटॉप हातात घेऊनच तिच्या टेबलाशी आला.

“ताई, काय लिहिलंय काय तुम्ही? शंभरातले अठ्ठावन्न फिरले!”

“फिरले की गेले?”

“फिरले हो! सहा दारं ओलांडून आलेले, बाहेर पडायच्याच बेतातले लोक. त्यांना ‘जा’ म्हटलं तर थांबले.”

गोडसाहेब स्वतः उठून आले. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. “इतकी माया! अहो, जिथे कुणी ‘डोळे सांभाळा’ म्हणतं, तिथून कुणाचा पाय निघेल?” सोमवारपासून सातवं दार सगळ्या खेळाडूंना लागणार होतं. तिने एक खरी गोष्ट लिहिली होती आणि कंपनीने ती तोंडभर हसून गिळली होती.

“आणि आपले काका!” आकडेवाला म्हणाला. “काल एका दिवसात एकोणीस वेळा!”

ती सवयीने हसली. हसता हसता थांबली. “काका कुठल्या वाटणीत आहेत?”

“तुमच्याच.”

“खातं उघड.”

“नियमात नाही बसत, ताई.”

“उघड म्हणते ना.”

वय एकाहत्तर. कुटुंबाचा पास. पासवर कर्मचारी क्रमांक तिचा.

ती चारलाच घरी पोचली. बाबा पडद्यापासून वीतभर अंतरावर नाक नेऊन बसले होते. पडद्यावर सातवं दार होतं.

“बाबा, जायचं नाही तर रोज ते बटण कशाला दाबता?”

बाबा चोरी पकडल्यासारखे हसले. “वाचायला.”

“काय वाचायला?”

“तू लिहिलेलं. शाळेतून आलीस की एकटी असायचीस ना, आई गेली त्या वर्षी. सकाळी माझ्या डब्यात चिठ्ठी टाकायचीस. घाई करू नका, पण याच. ते चौथं दार आलं आणि म्हटलं, अरे, ही तर आपली पोरगी बोलतेय!”

तिला आठवलं. डब्याच्या झाकणाखाली घडी करून ठेवलेली वहीची चिठ्ठी, संध्याकाळी तेलकट होऊन परत यायची. जिच्या जोरावर तिची बढती झाली ती ओळ तिने स्वतःच्याच घरातून उचलून नेली होती, आणि तिला पत्ताही नव्हता.

“पण बाबा, ते सगळ्यांनाच येतं हो. लाखो लोकांना.”

“येऊ दे की. घरात तू मला विचारतेस, औषध घेतलं का. तिथे म्हणतेस, डोळे सांभाळा. ते सोडून मी जाऊ कुठे?”

“ते तुमच्यासाठीच लिहिलं होतं. तुम्ही जावं म्हणून.”

“कळलं मला. म्हणून तर एकोणीस वेळा वाचलं.”

ती त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली. “बाबा, शुक्रवारची तारीख मिळतेय. चला. मी आहे ना.”

“सहावं,” बाबा म्हणाले.

“तुमची खुर्ची, तुमचा कोपरा, सगळं तसंच राहील.”

“पाचवं.”

“तुम्ही बाहेर याल तेव्हा मी तिथेच वाट बघत...”

“तिसरं. ते जरा खोटंच आहे, नाही?”

ते चेष्टा करत होते की नाही, तिला कळेना. तोंड उघडावं तर कंपनीची ओळ बाहेर पडत होती. माया, काळजी, आर्जव, सगळ्याला आधीच क्रमांक पडलेले. तिला कोंडल्यासारखं झालं, आणि मग तिचा तोल सुटला.

“आंधळे झालात तर मी काय करू? नोकरी सांभाळून तुम्हाला हात धरून बाथरूमला नेऊ? ताटात कुठे काय आहे ते रोज सांगत बसू? मी काही चांगली नाहीये, बाबा! मी वैतागेन. तुमच्यावर खेकसेन आणि मग रडत बसेन. मला एकटीला नाही जमणार. नाही जमणार!”

बाबांनी पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं.

“हे नवीन आहे,” ते म्हणाले.

मग ते पडद्याकडे वळले आणि ‘तरी जातो’ शोधायला लागले. ते बारीक, फिकट बटण त्यांना काही दिसेना. तिने त्यांचं बोट धरलं आणि नेऊन त्यावर टेकवलं.

शुक्रवारी दुपारी त्यांना आत नेलं. जाताना त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. बाहेर एकमेकींना जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. ती शेवटच्या खुर्चीवर बसली. गोडसाहेबांचा मेसेज आला. ‘बाबा कसे आहेत? काही लागलं तर सांगा, विम्याचं मी बघतो. सवडीने, पण पाचपर्यंत आठवं दार मिळालं तर बरं. सातव्यासारखंच, अगदी आतून आलेलं.’

ऑपरेशनचं बिल कंपनीच्या त्या विम्यातूनच जाणार होतं. तिने एक ओळ लिहिली, पुसली. दुसरी लिहिली, ती पहिलीचीच बहीण. तिसरी वाचून तिलाच जांभई आली. हातातल्या घड्याळात पावणेपाच झाले. नाही म्हणून कळवावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग कधीतरी बोटांनी आपल्या आपण लिहिलं, ‘मला एकटीला नाही जमणार.’

तिने ते वाचलं. तिला आपला धंदा कळत होता. या दारावरून कुणी हलणार नव्हतं. ती पुसायला गेली, थांबली, परत गेली. पाचला चार मिनिटं कमी असताना तिने ते पाठवून दिलं. ‘सुंदर,’ असं उत्तर लगेच आलं.

बाबांना बाहेर आणलं. उजव्या डोळ्यावर जाड पट्टी. सगळं ठीक झालं, नर्स म्हणाली, दीड महिना स्क्रीन तेवढी बंद. सोडून गेलेल्याचं खातं कंपनी दोन महिने जपून ठेवायची. पहिल्या सहा दारांमध्ये पाचवं तेवढं खरं होतं. बाबांनी चाचपडत तिचा हात शोधला.

“परवा बोललीस ना,” ते हळूच म्हणाले, “ते माझं हं. ते कुठे लिहू नकोस.”

“नाही लिहिणार.”

“नाही ना लिहिलंस?”

“नाही, बाबा,” ती म्हणाली. उजव्या डोळ्यावर पट्टी होती, आणि डाव्याला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.