हवालदाराची वाळूची परात

गणपत राऊळ ब्रह्मदेशातल्या लढाईत हवालदार होता. रानात सगळ्यांच्या पुढे चालून शत्रूच्या पावलांचा माग काढायचा, हे त्याचं काम. ओल्या मातीतलं एक पाऊल बघून तो माणसाची उंची सांगे, वजन सांगे, पाठीवरचं ओझं सांगे. सकाळी पेज जेवला की भाकरी, तेही सांगे. पेजेचं मी थोडं वाढवून सांगितलं. बाकी सगळं खरं.

पण त्याने माग दाखवला की मागून गोळ्या सुटत. म्हणून घरी परतल्यावर त्याने देवासमोर सांगून टाकलं, बंदुकीला आता हात लावणार नाही. आणि चौपन्न साली तो मालवणच्या बाजारात चपला विकायला बसला.

मुंबईच्या सुखपाद कंपनीचं ते दुकान. चकचकीत फरशी, समोर गणपतीची तसबीर. त्यामुळे झालं काय, लोक पायांतलं पायताण उंबऱ्याबाहेर काढून, पाय धुऊन आत येत. हात जोडत. विकत मात्र कोणी काही घेईना. काजू विकणाऱ्या शेवंतीने एक जोड पायात घालून बघितला.

"हवालदारा, अंगठो आत गेलो. बाकीच्या चार बोटांका दुसरी चप्पल हाड!"

दोन वर्षांनी कंपनीचं पत्र आलं. दुकान बंद; राऊळ यांना मुंबईच्या गोदामावर बंदूकधारी पहारेकऱ्याची जागा; किल्ल्या घ्यायला नाईकसाहेब येतील.

गणपतने पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि उंबऱ्याच्या आत ओल्या वाळूची परात मांडली. येईल त्याने आधी परातीत पाय ठेवायचा. पंधरवड्यात त्याने एकशे चाळीस पावलं मोजली. सगळी पुढून रुंद. कंपनीचा साचा मात्र शहरी, होडीच्या पुढल्या नाळेसारखा निमुळता.

नाईकसाहेब आले. टाय, चष्मा, मराठी इस्त्री केलेली.

"राऊळ, किल्ल्या आणा. इथल्या लोकांना चपलांची सवयच नाही," असं म्हणत म्हणत साहेबांनी उंबऱ्यावर बूट काढले, मोजे काढले आणि पाय थेट परातीत टाकला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तसबीर दिसली, हात आपोआप खाली गेले.

गणपत वाकला. शेवंती पाटी डोक्यावर तशीच धरून दारात थांबली. शेजारच्या दाजी शिंप्याचं मशीन थांबलं. मी तर म्हणतो, समुद्रही घटकाभर थांबला.

"साहेब, पाय लांबीला आठ नंबर, रुंदीला दहा. करंगळी बुटात दुमडून दुमडून वाकडी झाली आहे. बोटं पंख्यासारखी फाकलेली. हा पाय निदान चौदा वर्षं शेताच्या चिखलात उभा राहिलेला आहे. आणि संध्याकाळी बूट काढल्यावर तुम्ही अर्धा तास घरात कोणाशी बोलत नाही."

साहेबांचा चेहरा पडला. मग ते फरशीवरच बसले, पाय हातात धरून.

"मेल्या, तुका ह्यां कोणी सांगलां?"

"पायान."

"हयल्याच आरोंद्या गावचो मी," साहेब म्हणाले. "बापाशीवांगडा चिखल तुडवलंय. हाफिसात कोणाक म्हायत नाय."

किल्ल्या गणपतच्याच कनवटीला राहिल्या. साहेब मुंबईला गेले ते एकशे एक्केचाळीस पावलांची मापं घेऊन. शेवटचं माप त्यांचं स्वतःचं. कंपनीने रुंद साचा काढला. त्या साच्याच्या चपला रेडीपासून रत्नागिरीपर्यंत अशा खपल्या की एकसष्ट साली गणपत कंपनीचा मोठा विक्री अधिकारी झाला. मोटार मिळाली. कुठल्याही गावात शिरताना तो आधी खाली उतरे आणि वाटेवरची पावलं वाचत चालत जाई. मी स्वतः पाहिलं आहे, लोक रस्त्याच्या कडेने चालत, त्याला वाचायला जागा राहावी म्हणून.

पण हे सगळं नंतरचं. रुंद साच्याचा अगदी पहिला जोड शेवंतीला मिळाला होता. आठवड्याने ती दुकानात आली, अनवाणी.

गणपत दचकला. "चप्पल लागली काय गो?"

"नाय रे. पाचय बोटां आत बसली, सुखान." तिने बाहेर बोट दाखवलं. चपला उंबऱ्याशी शेजारी शेजारी ठेवलेल्या. "देवासमोर घालून कशी येव?"

आणि तिने सवयीने परातीत पाय ठेवला.

गणपत वाकून बराच वेळ बघत राहिला. करंगळी सरळ होती.