दोघांच्या पैशांचा एक दणदणीत कॉम्प्युटर

मित्रांनो, माझ्या रंगीत दिव्यांना भुलू नका. मी एक जुना, अतिशय महागडा आणि बहुतांशी बिनकामाचा गेमिंग कॉम्प्युटर आहे. जुना म्हणजे जेमतेम तीन वर्षांचा, पण आमच्यात एवढ्यात म्हातारपण येते.

एका दुकानात गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे सुटे भाग जोडून मला तयार केले. कारागिराने माझ्या एका अंगाला काच बसवली, मला गार ठेवायला पाणी खेळवणाऱ्या नळ्या टाकल्या, पंख्यांत दिवे लावले. दिव्यांनी कोणताही खेळ वेगाने चालत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. पण लबाड गप्प बसला. माझी निम्मी किंमत एकट्या ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे पडद्यावरची चित्रे रंगवणाऱ्या भागाची.

मी ज्या घरी आलो तिथे ताई आणि तिचा धाकटा भाऊ राहत. ताई घरांचे नकाशे काढायची, भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. दोघांनी साठवलेल्या पैशांत दोन चांगले कॉम्प्युटर सहज आले असते. पण भावाने भुणभुण लावली की एकच दणदणीत घेऊ, दोघे वापरू. ताई भोळी नव्हती, पण भावापुढे तिचे काही चालत नसे.

मी आलो आणि ‘दोघे’ हा शब्द भाऊ सोयीस्कर विसरला. तो मऊ फडक्याने माझी काच पुसायचा, मित्रांना बोलावून दिवे दाखवायचा. त्या कौतुकाचा मला वीट आला होता. खेळ तर पहिल्या दिवसापासून अडखळत होते, पण ते कबूल कोण करणार? ताई स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या लॅपटॉपशी झटत बसे.

एकदा तिला मोठ्या कचेरीत नोकरीची संधी आली. न बांधलेल्या इमारतीतून फिरवून आणणारी चित्रफीत शनिवारपर्यंत करून द्यायची होती. नेमकी लॅपटॉपने मान टाकली. तिने मला दोन दिवस मागितले.

“ताई, हे गेमिंगचं मशीन आहे,” भाऊ म्हणाला. “तुझ्या कामाने त्याची वाट लागेल.”

धादांत खोटे. तिचे काम मी हसत केले असते. शनिवार गेला, नोकरी दुसऱ्याला मिळाली.

यंदा भाऊ आणखी महाग कार्ड आणायला निघाला. जुन्यावरचे नाव बघायला ताई माझ्या मागे वाकली. पडद्याची वायर कार्डाच्या खाचेत नव्हतीच. पहिल्या दिवशी भावानेच ती कार्डाशी संबंध नसलेल्या वरच्या साध्या खाचेत खोचली होती, आणि ते महागडे कार्ड तीन वर्षे खेळांच्या वेळी नुसते बसून होते. ताईने वायर खाली लावली. खेळ सुरळीत चालू लागला.

भाऊ खजील झाला. “ताई, आता तू यावर काम कर. हवं तेवढे दिवस.”

“आता नको,” ताई म्हणाली. “नकाशे सोडून वर्ष झालं मला. आता दवाखान्यात पेशंटना नंबर देते, त्याला वही पुरते.”

मित्रांनो, मी त्या पैशांच्या लायकीचा होतो का? नाही. म्हणून माझी निगा राखा, अशी विनवणी मी करणार नाही. निगा घरातल्या माणसांची राखा. ताईला मी हवा होतो, तो फक्त दोन दिवस.