तिसरी तुकडी

आधी एक कबूल करून टाकते. आमच्याच संघातल्या बाया लवकर बाद व्हाव्यात, अशी मी मनातल्या मनात इच्छा केलेली आहे. एकदा नाही, चांगली तीन सामन्यांत. आणि मी वर्गात मुलांना सांघिक भावना शिकवते.

मी सुकेशनी. जिल्हा परिषदेची शिक्षिका, वय बेचाळीस. दर हिवाळ्यात आमच्या कर्मचाऱ्यांच्या क्रीडास्पर्धा परभणीच्या स्टेडियमवर होतात, तालुक्याविरुद्ध तालुका. अकरा वर्षं मी पालमच्या महिला खो-खो संघात होते. होते म्हणजे काय, संघ म्हणजे मीच. बाकीच्या आठ जणी दोन दिवस शाळेतून सुटका म्हणून यायच्या. माझ्या तुकडीतल्या दोघी अर्ध्या मिनिटात बाद व्हायच्या, आणि मग सातांपैकी चार-पाच मिनिटं मैदानावर मी एकटी आणि मला धरायला नऊ जणी. लोक घड्याळं काढून बघायचे. 'पालमची सुकेशनी पळायलीय' म्हटलं की कबड्डीचा सामना सोडून माणसं इकडं यायची. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहेच.

मग ऑनलाइन बदल्या झाल्या आणि मला मानवत तालुका मिळाला. मला वाटलं, तिथं तरी कोण असणार आहे? तर तिथं शिवकन्या होती. वालूरची, पंचवीस वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळून आलेली. शिवाय विद्यापीठाकडून खेळलेल्या आणखी चौघी. बदल्यांच्या संगणकानं जिल्ह्यातल्या सगळ्या पळणाऱ्या बाया वेचून एका तालुक्यात टाकल्या होत्या.

आमचे केंद्रप्रमुख किशनराव सर हेच प्रशिक्षक. त्यांनी पहिल्याच सरावाला यादी वाचली.

"सुकेशनी मॅडम, तिसरी तुकडी. आन् बसायला चौथा चौकोन."

तिसरी तुकडी म्हणजे पहिल्या दोन तुकड्यांतल्या सहाही जणी बाद झाल्या तरच जिला मैदानात बोलावतात ती.

"सर, मी पहिल्या तुकडीत पळते," मी म्हणाले.

"पळत होत्या," सर यादीतून मान वर न करता म्हणाले. "मॅडम, हितं पयल्या दोन तुकड्याच सात मिनिटं खातेत. तिसरी लागतच न्हाई. निवांत राहा तुमी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लागतच नाही! घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर नागसेन म्हणाले, "मंग बरंच झालं की. पाय दुखायचे न्हाईत." त्या दिवशी त्यांना भाजीत मीठ मिळालं नाही.

स्पर्धा सुरू झाली. आमच्या वयाचा मान राखून डाव एकच असतो, सात मिनिटं पकडायचं आणि सात मिनिटं पळायचं. पकडताना मी चौथ्या चौकोनात बसून राहायची. पाठीवर थाप पडली की उठायचं, चार पावलं जायचं आणि दुसरीला खो द्यायचा. पहिल्या सामन्यात मला एक बाई हाताच्या अंतरावर दिसली, तर मी खो न देता तिच्यामागं सुटले आणि ती निसटली. सर ओरडले, "मॅडम, खो द्या, खो! तुमी एकट्या न्हाईत!" सगळ्यांसमोर. 

आणि पळायची पाळी आली की मग तर बघायलाच नको. रेषेबाहेर उभं राहून मी शिवकन्याकडं बघायची. ही पोरगी खांबाभोवती अशी वळायची की पकडणारीचा हात हवेतच राहायचा. लोक घड्याळं काढायचे, ते तिच्यासाठी. आणि मी मनात म्हणायची, हो की बाद. हो एकदाची. मग मी दाखवते. ती काही बाद व्हायची नाही. शिट्टी वाजायची, आम्ही जिंकायचो, सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडायच्या आणि मीही पडायची, तोंड वाकडं करून. दोन साखळी सामने आणि उपांत्य सामना असेच गेले. तीन सामन्यांत मी एक पाऊलही पळले नव्हते.

अंतिम सामना पालमशी होता. माझ्याच जुन्या बायांशी. आता मात्र मला पळायचंच होतं. इकडं आणून मला अडगळीत टाकलंय, असं त्यांच्या डोळ्यांत दिसू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

आधी आम्ही पकडलं. सहा जणी बाद केल्या. मी सरळ बसून खो देत राहिले, कारण भांडायला वेळ नव्हता. मग पाच मिनिटांची विश्रांती झाली. मी पाण्याची बाटली भरायला प्रेक्षकांच्या बैठकीमागं गेले, तर तिथं लिंबाच्या झाडाखाली शिवकन्या वाकून उलटी करत होती.

मी तिची वेणी मागं धरली. पाणी दिलं.

"मॅडम, कुणाला सांगू नगा," ती म्हणाली. "परत्येक सामन्याआधी व्हायलंय असं. मी गेले तर सगळंच गेलं, असं वाटतंय. तुमी तर पालमला एकट्याच पळायच्या म्हणं. तुमाला न्हाई का भेव वाटायचं?"

'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं. अकरा वर्षांची सवय होती. पण तिच्याकडं बघितलं आणि बाहेर पडलं भलतंच.

"वाटायचं की. ह्याच झाडाखाली उलट्या केल्यात मी. दर साली."

"कुणाला सांगितलं न्हाई?"

"सांगून काय करती? माझ्या मागं होतं कोण?"

शिवकन्यानं ओढणीनं तोंड पुसलं. "माझ्या मागं तुमी हायत," ती म्हणाली. पाचची एसटी लागली आहे, हे सांगावं इतक्या साधेपणानं म्हणाली आणि मैदानाकडं गेली.

मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. त्याच दिवशी सकाळी मी हिच्याच बाद होण्याची वाट बघत उभी होते.

पालमच्या बाया पकडायला बसल्या. आमच्या सहा जणी गेल्या तर बरोबरी, सातवी गेली की पालम जिंकणार. पहिली तुकडी तीन मिनिटांत आटोपली. पालमच्या बाया एवढं चांगलं खेळायला कधी शिकल्या, कोण जाणे. मी गेल्यावर शिकल्या असाव्यात. दुसऱ्या तुकडीतल्या दोघी पाठोपाठ गेल्या आणि मैदानावर एकटी शिवकन्या उरली. एक मिनिट चाळीस सेकंद बाकी होते.

"तिसरी तुकडी, तयार!" किशनराव ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता.

मी रेषेशी जाऊन उभी राहिले. लोकांनी मला ओळखलं. "आता सुकेशनी मॅडम यायल्यात!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या, पालमच्या बाजूनंही. हेच तर मला हवं होतं. एक बाद झाली की मैदान माझं. समोर जुना तालुका, भोवती सगळा जिल्हा, हातात दीड मिनिट. दीड मिनिट मी झोपेत पळाले असते.

एवढ्यात शिवकन्या खांबाजवळ घसरली. गुडघ्यावर पडली, उठली आणि माझ्यासमोरून गेली. तिचे ओठ पांढरे पडले होते. तो चेहरा मी ओळखत होते. आरशात नव्हे, आतून. मला ऐकू आलं की मी पुटपुटतेय. टिक, बाई. टिक. आणखी थोडं टिक.

मला पळायचं नव्हतं. खरं सांगते, तिथं उभ्या उभ्या मला कळलं की मला अकरा वर्षं पळायचं नव्हतं. मला फक्त कुणीतरी मागं हवं होतं.

पालमच्या रुख्मिणीला खो मिळाला. ही माझ्या शेजारच्या चौकोनात अकरा वर्षं बसलेली. खांबावर सूर मारण्याआधी तिचा डावा खांदा खाली जातो, हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नसेल. शिवकन्या खांबाला चिकटून उभी होती, आणि रुख्मिणीचा खांदा खाली गेला.

"शिवकन्या, खांब सोड! सूर मारायलीय ती!"

एवढ्या मोठ्यानं मी वर्गात कधी ओरडले नाही. शिवकन्या आत वळली. रुख्मिणी खांबाला मिठी मारून मातीत आडवी झाली. ती उठून पुन्हा मागं लागेपर्यंत आमची पोरगी पार दुसऱ्या टोकाला पोचली होती. मग मी शेवटपर्यंत ओरडतच राहिले. कोण कुठून उठतेय, कोणाचा खो उशिरा येतो, सगळं. शिट्टी वाजली तेव्हा माझा घसा बसला होता आणि पालमला एक गडी कमी पडला होता.

माझा जीव भांड्यात पडला. मी रेषेवरच बसले आणि रडले. लोकांना वाटलं, पळायला मिळालं नाही म्हणून मॅडम रडतायत. किशनराव तर समजूत घालायला आले. "मॅडम, पुढल्या साली बघू आपण," म्हणाले. मी हात जोडले, की सर, काही बघू नका.

रुख्मिणी केसांतली माती झाडत आली. "फितूर झालीस गं तू!"

"फितूर कशाची? बदली झाली," मी म्हणाले. "ऑनलाइन."

ती हसत सुटली, आणि मीही.

गुणलेखक प्रत्येकीची पळण्याची वेळ लिहून घेत होते. माझ्या नावाशी आले आणि घुटमळले. "मॅडम, तुमचं... शून्य लिहू का?"

"लिवा की. शून्य मिनिटं, शून्य सेकंद."

बायांनी खांद्यावर घेतलेली शिवकन्या एकदाची खाली उतरली आणि माझ्याजवळ येऊन मातीतच बसली.  मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, पुढल्या साली तुमी पयल्या तुकडीत पळा. मी तिसरीत राहते. सरांना मी सांगते."

"जमायचं न्हाई," मी म्हणाले. "ती जागा भरलीय."