पेंढ्यातली सफरचंदं

सरूने पेंढा दोन्ही हातांनी बाजूला सारला आणि पिशवीतली सफरचंदं एकेक करून आत ठेवली, एकाला दुसरं लागणार नाही अशी. दर वैशाखात याच काळोख्या खोलीत ती आंब्यांची आढी घालायची. फळ लपवायचं म्हटल्यावर तिला दुसरी जागा सुचलीच नाही. पेंढ्यात घातलेलं फळ घरभर वास सोडतं, हे जन्मभर आंबे पिकवलेल्या बाईला कळायला हवं होतं. पण त्या दिवसांत तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

तिच्या नवऱ्याचा, दाजींचा, पोटाचा आजार औषधापलीकडे गेला होता. पेणला रामवाडीत दिलेल्या रोहिणीने, त्यांच्या लेकीने, डॉक्टरांचं बोलणं आईच्या कानावर घातलं. दाजींना कळू द्यायचं नाही, असं मायलेकींनी ठरवलं. आता निडी गावातल्या या घरात सफरचंद आजवर दोनदाच आलं होतं, एकदा सासूच्या शेवटच्या आजारात आणि एकदा धाकट्या दिराच्या. दोघंही पंधरवड्यात गेली. त्यामुळे सफरचंद दिसलं की दाजी काय ते समजतील, याची सरूला धास्ती होती. भेटायला येणाऱ्याला ती अंगणातच गाठायची आणि आणायचंच तर बिस्किटं आणा म्हणून बजावायची. सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं नाही ते एकट्या नूरमहंमदने.

नूरमहंमद दाजींचा शाळेपासूनचा दोस्त. बावीस वर्षं कुवेतच्या फळबाजारात काढून तो रोह्याला परतला होता. पूर्वी सुट्टीवर आला की पडवीत बसून सफरचंदांच्या जातींवर व्याख्यान द्यायचा. कुठलं बर्फाच्या मुलखातलं, कुठलं बोटीतून महिनाभर प्रवास करून येतं, कुठल्याची साल पातळ. दाजी सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "आमचा आंबा बरा." आता हा भला माणूस दर तीन-चार दिवसांनी पिशवी घेऊन दारात उभा.

आलेलं फळ टाकवेना. त्यात डॉक्टरांनीही सांगितलं होतं, अन्न जात नसेल तर सफरचंद शिजवून द्या, पोटाला हलकं असतं. मग सरू साल काढून फोडी शिजवायची, घोटून दुधात घालायची, वर वेलची, आणि वाटी पुढे करताना सांगायची, भोपळ्याची खीर. ज्या माणसाला पेजेचा घोट जात नव्हता तो ही वाटी चाटूनपुसून संपवायचा. आपण त्यांना फसवतोय याचं तिला फार वाईट वाटे, आणि चार घास गेले याचं बरंही वाटे.

आज नूरमहंमद पुन्हा फाटकात दिसला, तशी ती चिडलीच.

"नूरभाई, किती वेळा सांगू? सफरचंद नको म्हटलं ना?"

"दोनच हायत, वैनी. हिरवी. समुद्रापलीकडची. आंबट असतात, जिभेला चव येते."

"तुमची हौस होते, नि माझा जीव टांगणीला. त्यांना कळलं म्हंजे?"

नूरमहंमदने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पायातली चप्पल काढली आणि परत घातली.

"मी माझ्या मनाने आणत नाय, वैनी," तो हळू म्हणाला. "तुम्ही शेतावर गेलात की दाजीचा फोन येतो. म्हणाला, इतकी वर्षं नुसतं ऐकलं, आता एकेक जात आण. जायच्या आधी चाखून बघतो, सरूच्या खिरीतनं का होईना."

सरूने पडवीकडे वळून पाहिलं.

"नि म्हणाला, सरूला सांगू नको. मला समजलंय हे तिला कळलं, तर ती जेवायची नाय."

तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली. आत जाऊन विळी पुढे ओढली आणि एक हिरवं सफरचंद सालीसकट चिरलं. चूल पेटवली नाही. फोडी ताटलीत घालून ती पडवीत आली आणि दाजींच्या खाटेवर टेकली. नूरमहंमद अंगणातच थांबला.

दाजींनी ताटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नूरने सांगितलं वाटतं."

"व्हय." तिने ताटली दोघांच्या मध्ये ठेवली. "कधीपासून माहीत हाय तुमाला?"

दाजींनी एक फोड उचलून तिच्या हातावर ठेवली.

"तुझ्या आधीपासून, गो. डॉक्टरने मलाच पहिलं सांगितलं. मीच रोहिणीला म्हटलं, आईला तू सांग. माझ्याच्यानं नाय व्हायचं."

फोड हातात तशीच राहिली. महिनाभरात सरू पहिल्यांदाच त्यांच्यासमोर रडली. दाजींनी तिला थांबवलं नाही.