ताईच्या पाठीची खुर्ची

वास्तुरचनेच्या त्या ऑफिसात ती पहिलीच बाई. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "इथे पडदे शिवायचं काम नसतं हं." तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच: पडदेवाली. तिनं ते कानाआड केलं. तिच्या मनातली खुर्ची साधी होती: कोरीवकाम नको, गाद्यागिरद्या नकोत. लोखंडी नळी वाकवायची, तिच्यावर कॅनव्हास ताणायचा, झाली खुर्ची. असली खुर्ची तोवर कुणी पाहिली नव्हती. सगळे हसले.

घरी थोरल्या बहिणीची फुप्फुसं निकामी होत चालली होती. आडवं झालं की धाप, ताठ बसलं की खोकला. पडदेवालीनं फळीला बिजागरी लावली, ताईला टेकवलं आणि बोटाबोटानं फळी कलती करत तिचे श्वास मोजले.

"खुर्चीचं माप घेतेयस की खड्ड्याचं?" ताई म्हणाली.

"गप गं. हसलीस की आकडा चुकतो."

ऑफिसच्या वेल्डरनं वाकवताना नळी चेपू नये म्हणून आत वाळू ठासली आणि पाठीला नेमका तोच कल दिला. त्या खुर्चीत ताई दुपारभर गाढ झोपली, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. अकरा दिवसांनी ती गेली.

लगोलग साहेबांनी ती खुर्ची स्वतःच्या नावावर छातीच्या इस्पितळाला दिली. चाळीस नग.

"ऑफिसात झालं ते ऑफिसचं," ते म्हणाले.

"ऑफिसात नाही, माझ्या बहिणीच्या पाठीवर झालं."

तिनं वेल्डरला खरं सांगायला विनवलं. त्यानं मान खाली घातली. "बाई, पाण्यात राहून माशाशी वैर कसं करू?" तिनं नोकरी सोडली.

पण राहवेना, म्हणून इस्पितळात जाऊन आली. साहेबांनी रुबाबदार दिसावी म्हणून पाठ ताठ करून टाकली होती. माणसं बसल्या बसल्या धापा टाकत होती. एक म्हातारा तर खुर्ची सोडून जमिनीवर भिंतीला टेकला होता.

"बदल करायचा तर साहेबांचं पत्र आणा," मोठे डॉक्टर म्हणाले.

स्वतःच्याच खुर्चीसाठी परवानगी! ती गेली. साहेबांनी कागद पुढे सरकवला: खुर्ची सर्वस्वी त्यांची, तिचा कसलाही हक्क नाही. सही केली तरच पत्र.

"पाठीच्या तीन इंच कलासाठी एवढा हट्ट?" त्यांनी विचारलं.

तिनं कागद ओढून घेतला. सही केली.

नऊ दिवस इस्पितळाच्या आवारात वेल्डर नळ्या कापत, सांधत होता. ती प्रत्येक पाठ मोजून घेत होती. दोघं कामापुरतंच बोलले. म्हातारा नव्या कलाला टेकला आणि त्यानं डोळे मिटले. त्याच आठवड्यात तोही गेला, पण न तडफडता, असं नर्सनं सांगितलं.

साहेबांचा फोटो पेपरात आला. पडदेवालीला मात्र शहरातल्या एकाही ऑफिसानं पुन्हा दारात उभं केलं नाही. तिनं राहत्या खोलीतली पलंगाची जागा रिकामी केली, तिथे ड्रॉइंगचं टेबल मांडलं आणि स्वतः जमिनीवर झोपू लागली.