बारा ते सहा

वायरमनच्या बायकोची झोप चार महिन्यांपासून उडाली होती आणि घरात निदानांचा नुसता सुकाळ झाला होता. शेजारणीच्या मते थायरॉइड. थोरल्या मेव्हणीच्या मते नैराश्य. बायकोने स्वतः अंथरुणात फोन चाळून तीन आजार लावून घेतले होते, त्यांतल्या एकाचं नाव तर तिला धड घेताही येत नव्हतं.

शेवटी वायरमनने तिला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पाऊण तास खोदून खोदून विचारलं.

"शिवणकामात मन लागतं?"

"मन लागतं, डोळा लागत नाही."

"शेवटचं पोटभर कधी हसलात?"

"आज सकाळीच. हे शर्ट उलटा घालून निघाले होते."

बाईंनाही हसू आवरेना. म्हणाल्या, "रक्त तपासून घेऊ, पण हे नैराश्य दिसत नाही. निद्रानाश आहे. नऊला आडव्या होता, तीनपर्यंत काळजी करता. अंगाला तीच सवय लागलीय. आता गादी फक्त झोपेसाठी. बाराला झोपायचं, सहाला उठायचं, रविवारीसुद्धा. झोप नाही आली तर उठून बाहेर बसायचं. दुपारची डुलकी बंद."

"आधीच झोप नाही, त्यात ही काटछाट!" बायको वाटभर पुटपुटत राहिली.

बारापर्यंत तिला जागं ठेवायचं काम वायरमनकडे आलं. त्याने माळ्यावरचा कॅरम काढला. पहिला आठवडा हालांचा गेला. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला तिने दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. "सोडून देऊ या का हे?" ती रडवेली होऊन म्हणाली. वायरमन स्ट्रायकर तिच्याकडे सरकवत म्हणाला, "आधी राणी घे, मग बघू." तिने राणी घेतली, वर त्याला लबाड म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात रक्ताचा अहवाल चांगला आला. बाराच्या आधीच ती पेंगू लागली, हातात स्ट्रायकर तसाच. आणि एका सकाळी सहाचा गजर होऊन गेला तरी ती हलेना. वायरमनच्या जिवावर आलं, पण नियम म्हणजे नियम. त्याने खांद्याला हळूच हलवलं.

"अहो, झोपू द्या ना दहा मिनिटं!" ती खेकसली आणि तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

वायरमन आनंदाने जागच्या जागी नाचला. मग सहा वाजून चार मिनिटांनी त्याने मेव्हणीला फोन लावला.

"ताई, ती मला ओरडली!"

"अगंबाई! का?"

"झोपमोड केली म्हणून!"